मंगळवारची मॅच

आपल्या मंडळाच्या कोणत्याही माजी खजिनदाराला विचारा, तो सांगेल की मंडळाचे आकडे दोन असतात. एक गणपतीचा आणि दुसरा उरलेल्या वर्षाचा. गणपतीला शाळेचा हॉल अपुरा पडतो, पार्किंगमधले स्वयंसेवक हातवारे करून दमतात, मसालेभात दुसऱ्या पंगतीलाच तळाशी जातो आणि तिसऱ्या पंगतीसाठी कोणीतरी गुपचूप पिझ्झा मागवतं. तेच नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी पुण्याहून आलेल्या गायिकेची बैठक ठेवा. तबलजी, पेटीवाले, कार्यकारिणी आणि कार्यकारिणीला गाडीतून आणणारे नवरे धरून साठ माणसं होतात. मी दोन वर्षं खजिनदार होतो. त्या दोन वर्षांत जे शिकलो, त्याच भांडवलावर आज बेसबॉलविषयी लिहायला बसलो आहे. ज्यांना या खेळातलं ओ की ठो कळत नाही त्यांनीही पान उलटू नये. मलाही फार कळतं अशातला भाग नाही.

निमित्त आमच्या चिरंजीवांचं. यंदा मार्चमधे एका रविवारी तो जेवायला आला होता. जन्म हार्टफर्डचा, पण सगळं बालपण इथं केरीत गेलेलं, नोकरी रिसर्च ट्रँगल पार्कमधे, वय वर्षं एकोणतीस. वरणभात कालवता कालवता म्हणाला, "बाबा, रॉलीला मेजर लीगची टीम आली, तर आपण दोघं मिळून सीझन तिकीट घेऊ या? अर्धं अर्धं. चाळीस मॅचेस तुझ्या, चाळीस माझ्या. एकेचाळिसावीला दोघं जाऊ."

मी म्हटलं, "टीम आहे कुठं?"

"येईल. म्हणजे येऊ शकते."

त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. मेजर लीग बेसबॉलमधे ३० संघ आहेत. शेवटची भर १९९८ साली पडली, अ‍ॅरिझोना आणि टॅम्पा बे. त्यानंतर नवा संघ नाही. आता कमिशनर रॉब मॅनफ्रेड २०२९ च्या जानेवारीत पायउतार होण्याआधी आणखी दोन शहरं निवडून ठेवायची म्हणतात. त्या दोन जागांसाठी ज्या गावांची नावं घेतली जातात, त्यांत नॅशव्हिल आहे, सॉल्ट लेक सिटी आहे, पोर्टलंड आहे, आमच्याच राज्यातलं शार्लट आहे आणि आमचं रॉलीही आहे. सगळी मधल्या चणीची शहरं. न्यूयॉर्क-शिकागोसारखी अजस्र नाहीत आणि एका सिग्नलची खेडीही नाहीत.

"तुला एवढं काय पडलंय रे?" मी सहज विचारलं.

तो थांबून म्हणाला, "बाबा, इथं सगळे दुसरीकडून आलेले आहेत. तू नागपूरचा, शेजारचे ओहायोचे, माझा बॉस चेन्नईचा. प्रत्येकाची टीम दुसऱ्या गावाची. मी एकटाच इथला आहे. मला इथलं काहीतरी पाहिजे."

यावर मला काही सुचलं नाही. सौ.नं भात वाढला आणि विषय तिथंच राहिला. पण खजिनदाराला आकडा दिसला की झोप येत नाही. त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा. त्यांतले ८१ घरच्या मैदानावर. अमेरिकन फुटबॉलचे घरचे सामने वर्षाला आठ किंवा नऊ. म्हणजे फुटबॉल हा गणपती आहे आणि बेसबॉल ही बैठक, आणि तीही एक-दोन नव्हे, ८१! एप्रिल ते सप्टेंबर, शनिवार-रविवार तर आहेतच, पण सोमवार, मंगळवार, बुधवारसुद्धा. सामन्याला सरासरी २५ हजार माणसं यायची असतील तर वर्षाला २० लाखांच्या वर तिकिटं खपली पाहिजेत. रॉली, डरहम, चॅपल हिल आणि आजूबाजूचं सगळं मिळून २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या भरली २० लाखांहून थोडी जास्त. म्हणजे पाळण्यातलं बाळ आणि व्हीलचेअरवरच्या आजी धरून प्रत्येकानं वर्षातून एकदा मैदानात यायचं. न्यूयॉर्कच्या परिसरात दोन कोटी माणसं आणि दोन संघ आहेत. तिथं पाचांतल्या एकानं वर्षातून एकदा फेरी मारली तरी दोन्ही मैदानांचं तेवढंच भागतं.

आमचा हॉकीचा संघ, कॅरोलायना हरिकेन्स, तग धरून आहे, मग बेसबॉल का नाही, असं चिरंजीवांचं म्हणणं. पण हॉकीचे घरचे सामने ४१ आणि रिंगणात माणसं मावतात १८ हजारांच्या आसपास. सगळे सामने भरले तरी साडेसात लाख. बेसबॉलला त्याच्या जवळजवळ तिप्पट लागतात.

मग मी आमचा दोघांचा हिशेब मांडला. तिकीट, पार्किंग, हॉटडॉग आणि एक पेय मिळून माणशी ५० डॉलर धरले, दोन माणसं आणि ४० सामने, तर झाले चार हजार. एवढ्यात सौ. आणि मी नागपूरला जाऊन येतो. आणि चाळीस रात्री म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ दर आठवड्याला दीड रात्र. पुढच्या रविवारी मी हा कागद त्याच्यापुढं ठेवला.

तो म्हणाला, "मिलवॉकीचं कर ना गणित."

केलं. मिलवॉकी आणि परिसराची लोकसंख्या आपल्यापेक्षा कमी, १५-१६ लाख. मेजर लीगमधल्या सगळ्यांत लहान गावांपैकी एक. आणि तरीही २००८, २००९ आणि २०११ साली तिथं ३० लाखांच्या वर प्रेक्षक आले. माझा कागद तिथं खोटा पडला, हे कबूल करतो. मग या गावाची कुंडली काढली, तेव्हा कळलं की ते ठेच खाऊन शहाणं झालेलं आहे. १९५३ साली बोस्टनचा ब्रेव्हज संघ मिलवॉकीला आला. गावानं त्याला डोक्यावर घेतलं, १९५७ साली संघानं वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि १९६५ चा हंगाम संपल्यावर तो अटलांटाला निघून गेला. चार वर्षं गाव मोकळं. मग मोटारींचा व्यवसाय असलेल्या बड सीलिग नावाच्या स्थानिक गृहस्थानं १९७० साली, हंगाम सुरू व्हायला आठवडा उरला असताना, सिएटलचा दिवाळं निघालेला एका वर्षाचा संघ विकत घेतला. गणवेशावरची सिएटलची अक्षरं उसवून त्या जागी मिलवॉकीचं नाव शिवलं. तोच आजचा ब्रूअर्स.

एकदा गमावलेली वस्तू माणूस नीट सांभाळतो, हे खरं. पण फुकट काहीच नसतं. १९९५ साली नव्या स्टेडियमसाठी पाच काउंट्यांमधे विक्रीकर दशांश टक्का वाढवायचा प्रश्न विस्कॉन्सिनच्या विधिमंडळात आला. रसीनचे सिनेटर जॉर्ज पेटाक यांनी आयत्या वेळी विरोध सोडून बाजूनं मत दिलं आणि ठराव निघाला. मतदारांनी पुढच्याच वर्षी त्यांना परत बोलावून घरी बसवलं. स्टेडियम २००१ साली उघडलं, कर २०२० पर्यंत चालला, आणि २०२३ साली त्याच स्टेडियमच्या देखभालीसाठी पुन्हा सुमारे ५० कोटी डॉलर सरकारी तिजोरीतून मंजूर झाले. वीस वर्षांपूर्वी बांधलेल्या घराच्या डागडुजीसाठी पुन्हा शेजाऱ्यांकडून वर्गणी, असा हा मामला.

टॅम्पाची गोष्ट नेमकी उलटी. परिसरात ३० लाखांच्या वर माणसं. संघ हुशार, २००८ आणि २०२० मधे वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचलेला. डरहम बुल्स हा याच संघाचा हाताखालचा संघ. इव्हान लॉन्गोरिया, डेव्हिड प्राइस, ब्लेक स्नेल हे पुढं मोठे झालेले खेळाडू आपण इथं डरहमला स्वस्तात पाहिले. पण टॅम्पा बेच्या घरच्या मैदानात खुर्च्या वर्षानुवर्षं रिकाम्या. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. मैदान खाडीपलीकडं सेंट पीटर्सबर्गला. संध्याकाळी साडेपाचला ऑफिसातून निघायचं, लांबलचक पुलावरच्या रांगेत उभं राहायचं, आणि उन्हाळ्यात बंद छताखाली बसायचं. ऑक्टोबर २०२४ च्या मिल्टन वादळानं ते छतही फाटलं, आणि २०२५ चा हंगाम संघानं टॅम्पातल्या एका छोट्या मैदानावर काढला.

हे वाचताना मला थेट नागपूर आठवलं.

३१ ऑक्टोबर १९८७. दिवाळी नुकतीच संपली होती. फराळाच्या डब्यात चकल्यांचे तुकडे उरले होते. रिलायन्स वर्ल्ड कपमधला भारत-न्यूझीलंड सामना सिव्हिल लाइन्सच्या जुन्या व्ही.सी.ए. मैदानावर होता. बाबांनी कुठून कशी तिकिटं मिळवली ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आम्ही दोघं धरमपेठेतून सायकलींवर गेलो. चेतन शर्मानं तीन चेंडूंवर तिघांचे त्रिफळे उडवले. मग अंगात ताप असलेल्या सुनील गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतलं आपलं एकमेव शतक ठोकलं. आयुष्यभर संथ म्हणून नावं ठेवून घेतलेला तो माणूस त्या दिवशी असा काही खेळला की माझे बाबा, जे कधी कोणाला हात लावून बोलत नसत, शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडले. परत येताना सगळं सदर, सगळी सीताबर्डी रस्त्यावर होती. सायकली हातात धरून चालत आलो. नागपूर त्या दिवशी माझं झालं. त्याआधी मी तिथं नुसता राहत होतो.

२००८ साली व्ही.सी.ए.नं गावाबाहेर वर्धा रोडवर जामठ्याला नवं स्टेडियम उभारलं. देखणं आहे, सोयी उत्तम आहेत. त्या नोव्हेंबरात तिथं ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी झाली. सौरव गांगुलीची ती शेवटची कसोटी. मी बाबांना इथून फोन केला, "गेला होता का?" ते म्हणाले, "पाच दिवसाची मॅच आन् सहावा दिवस जाण्यायेण्यातच जाते बाप्पा." ते त्यानंतर कधीच मैदानावर गेले नाहीत. वयही झालं होतं, पण नुसतं वय नव्हतं. सायकलच्या टप्प्यातलं मैदान गाडीच्या टप्प्यात गेलं होतं.

म्हणून रॉलीच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न 'किती माणसं' हा नाहीच. मैदान कुठं बांधणार, हा आहे. आपल्याकडं ट्रेन नाही. डरहम ते चॅपल हिल लाइट रेलचं घोंगडं वीस वर्षं भिजत ठेवून २०१९ साली गुंडाळलं. आय-फोर्टीवर संध्याकाळी साडेपाचला काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. रॉलीत बांधलं तर डरहमकर मंगळवारी येणार नाहीत, दोघांच्या मधे बांधलं तर चालत कोणीच येणार नाही. हरिकेन्स इथं आले तेव्हा रॉलीचं रिंगण तयार नव्हतं, म्हणून पहिले दोन हंगाम ते ८० मैलांवर ग्रीन्सबरोला खेळले. रिंगण अर्धं रिकामं असायचं. ग्रीन्सबरोकरांना वाटे हा रॉलीचा संघ, आणि रॉलीकरांना वाटे हा ग्रीन्सबरोचा.

आणि हरिकेन्स आले कुठून, तर हार्टफर्डहून. माझ्याच गावाहून, माझ्यानंतर थोडे आधी, असं म्हणायला हरकत नाही.

नागपूर सोडून मी १९९३ साली हार्टफर्डला उतरलो. विमा कंपन्यांचं गाव. आपल्यापैकी कितीतरी जणांची अमेरिका तिथल्या मेनफ्रेमवरच सुरू झाली. गावात एकच मोठा संघ होता, हॉकीचा व्हेलर्स. रिंगण गावाच्या मध्यात, एका मॉलला लागून. हार्टफर्डच्या एका बाजूला बोस्टन आणि दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्क. दोन थोरल्या भावांमधल्या धाकट्यासारखी त्या गावाची अवस्था. आमच्या खालच्या मजल्यावर एक पोलिश वंशाचे आजोबा राहत. मी कामावरून आलो की जिन्यात गाठून मला हॉकीचे नियम समजावत. मला थंडीत त्यांचं इंग्रजी आणि त्यांना माझं, दोन्ही अर्धवटच कळे. पण अमेरिकेत माझ्याशी रोज आपणहून बोलणारा तो पहिला माणूस.

१९९७ च्या मार्चमधे संघ जाणार असं जाहीर झालं. १३ एप्रिलला शेवटचा सामना झाला, टॅम्पा बेविरुद्ध, २-१ असा जिंकला. आजोबा गेले होते. रात्री परत आले तेव्हा मी मुलाला कडेवर घेऊन जिन्यात होतो. दहा महिन्यांचं पोर झोपत नव्हतं. आजोबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "यानं बघायला हवा होता." एवढंच. त्यानंतर जिन्यात भेटले की हवेबद्दल बोलत. हवेबद्दल किती बोलणार! आमचं बोलणंच हळूहळू कमी झालं. २००४ साली मी नोकरी बदलून इथं आलो, आणि इथं आल्यावर दोन वर्षांत, १९ जून २००६ रोजी, त्याच संघानं रॉलीत स्टॅन्ली कप जिंकला. माझा नऊ-दहा वर्षांचा मुलगा सोफ्यावर नाचत होता. मीही नाचलो. पण मधेच तो जिना आठवला.

२०१८ च्या डिसेंबरात हरिकेन्सनं एक दिवस व्हेलर्सचा हिरवा गणवेश घातला आणि त्यांची जुनी धून वाजवली. चिरंजीवांनी हौसेनं हिरवी जर्सी घेतली, फोटो काढला. मी तो फोटो हार्टफर्डला कोणालाही पाठवला नाही.

तर, संघ येतो म्हणजे कुठून तरी जातो, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. नवा संघ असेल तर कोणाचा हिरावून घेतल्याचं पाप लागत नाही, पण त्याची किंमत वेगळी. १९९८ च्या दोन संघांनी प्रवेश फी म्हणून प्रत्येकी १३ कोटी डॉलर भरले होते. आता दोन अब्ज किंवा जास्त, असं बोललं जातं. एवढे पैसे देणारा मालक स्टेडियमसाठी गावाकडं हात पसरल्याशिवाय राहणार नाही. ओकलंडचा संघ गावाशी जमलं नाही म्हणून २०२४ नंतर निघाला. लास व्हेगसचं मैदान होईपर्यंत तो सॅक्रमेंटोजवळ एका मायनर लीग मैदानात मुक्कामाला आहे. नेवाडा राज्यानं त्याला ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी मदत कबूल केली आहे. व्हेगससुद्धा आपल्याएवढंच गाव.

सरकारी पैसा घालून स्टेडियम बांधलं की गाव श्रीमंत होतं, या दाव्याला अर्थशास्त्रज्ञांचा फारसा आधार नाही. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट यांनी १९९७ सालीच यावर अख्खं पुस्तक काढलं. तर्क साधा आहे. मंगळवारी मी मॅचला ५० डॉलर खर्चले, तर ते सिनेमाचे किंवा डोशाचेच असतात. गावातला पैसा गावातच एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, आणि वाटेत मालक भेटतो. मतदारांनाही हे कळतं. १९९८ साली आपल्याच राज्यात ग्रीन्सबरो-विन्स्टन सेलमच्या बाजूला मिनेसोटाचा संघ आणायचं घाटत होतं. स्टेडियमसाठी कर लावायचा ठराव मतदारांनी फेटाळला. कॅन्सस सिटीनं तर दोन घरचे संघ असताना एप्रिल २०२४ मधे स्टेडियमचा विक्रीकर पुढं चालू ठेवायला नकार दिला.

वेक काउंटीत हॉटेलच्या खोलीवर सहा टक्के आणि तयार खाण्यावर एक टक्का जादा कर आधीपासूनच आहे. मॉरिसव्हिलच्या प्रत्येक मसाला डोशाबरोबर आपण तो भरत आलो आहोत, आणि हरिकेन्सच्या रिंगणाला त्यातूनच हातभार लागतो. माझं मत असं, की हॉटेलवाल्या पाहुण्याकडून घ्या, तिकिटावर घ्या, पण किराणा-कपड्यांच्या विक्रीकराला हात लावू नका. जी बाई दोन नोकऱ्या करते आणि मंगळवारी रात्री दुसऱ्या नोकरीवर असते, तिनं माझ्या बेसबॉलची वर्गणी का भरावी?

टीव्हीचंही सांगितलं पाहिजे. रॉली-डरहमची टीव्हीची बाजारपेठ मिलवॉकी, सिनसिनाटी आणि कॅन्सस सिटी या तिन्हींपेक्षा मोठी आहे. आमच्या घरून वॉशिंग्टन २८० मैल, तरी वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर या दोघांनी आपला प्रदेश टीव्हीच्या नकाशात आपापल्या नावावर करून ठेवला होता. एकेकाळी हा मोठाच हुकमाचा पत्ता ठरला असता. पण २०२३ साली प्रादेशिक क्रीडा वाहिन्या चालवणाऱ्या सगळ्यांत मोठ्या कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली आणि लहान गावांच्या संघांचं घरबसल्या येणारं उत्पन्न डळमळलं. म्हणजे पुन्हा भिस्त खुर्चीवर बसणाऱ्या माणसावर, त्याच्या मंगळवारवर.

एवढा सगळा हिशेब ऐकून चिरंजीव म्हणाले, "बाबा, गावाचं सोड. तू येशील का, ते सांग."

प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही एक प्रयोग ठरवला. डरहम बुल्सच्या बहुतेक घरच्या मालिका मंगळवारी सुरू होतात. हंगामात असे डझनभर मंगळवार. सगळ्यांना जायचं. जमलं नाही तर कारण लिहून ठेवायचं.

बुल्सचं मैदान तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. दहा हजारांचं, शेजारी सिगारेटच्या जुन्या कारखान्याच्या विटांच्या इमारती, त्यांत आता ऑफिसं आणि उपाहारगृहं. डाव्या बाजूला तो प्रसिद्ध लाकडी बैल. चेंडू त्याला लागला तर खेळाडूला स्टेक, हिरवळीला लागला तर सॅलड. शाकाहाऱ्यांची सोय केलेली पाहून सौ.ला या खेळाबद्दल प्रथमच आदर वाटला.

निकाल प्रामाणिकपणे सांगतो. मुलगा नऊ मंगळवारी गेला. मी सात. माझ्या पाच गैरहजेऱ्यांची कारणं अशी: एकदा ऑफिसातलं रिलीज, एकदा विजांचा कडकडाट, एकदा सौ.चा गुडघा, एकदा आय-फोर्टीवरचा अपघात. आणि एकदा काहीही नाही. कंटाळा आला. सोफ्यावर बसून राहिलो. बारापैकी सात म्हणजे चाळिसांपैकी तेवीस. वीस लाख माणसांच्या गावात माझ्यासारखे आरंभशूर किती असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

याउलट २०२३ च्या जुलैत मॉरिसव्हिलच्या चर्च स्ट्रीट पार्कवर मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले, तेव्हा आपण उन्हात रांगा लावल्या होत्या. पण ते तीन-साडेतीन हजारांचं मैदान आणि मोजके सामने. तो आपला गणपती होता. तेच क्रिकेट ८१ दिवस ठेवा आणि मग बोला.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी पाचव्या डावात पाऊस आला. मैदानावर ताडपत्री अंथरली. आम्ही छपराखाली सरकलो. भिजलेले शेंगदाणे सोलत तो म्हणाला, "बाबा, बोस्टनची ऑफर आली आहे. मी घेतोय."

मी विचारलं, "कधी?"

"सप्टेंबरात."

मग थोड्या वेळानं हसून म्हणाला, "तिथं टीम आहे ऑलरेडी. फेनवे पार्क चालत वीस मिनिटं."

संघ नाही म्हणून पोरगं गेलं, असं मी म्हणणार नाही. पगार चांगला आहे, काम त्याच्या आवडीचं आहे, आणि मी स्वतः चोविसाव्या वर्षी सायकल धरमपेठेत लावून निघालो तेव्हा बाबांनी मला कुठलाही कागद दाखवला नव्हता. पण मार्चमधे वरणभातावर त्यानं जे मागितलं होतं, त्याला मी सहा महिने आकडेच देत राहिलो, हेही खरं. तो गावाबद्दल विचारत होता. मी खजिनदारासारखी उत्तरं देत होतो.

सप्टेंबरचा शेवटचा मंगळवार मी एकटा गेलो. दोन तिकिटं होती, शेजारच्या खुर्चीवर जाकीट ठेवलं. तिसऱ्या डावात मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी खांद्यावर टकटक केलं. मी त्यांना ओळखत नव्हतो. म्हणजे नावानं ओळखत नव्हतो, सात मंगळवार पाठीमागून खोकला ऐकला होता. त्यांनी विचारलं, "तुझा मुलगा कुठंय आज?" मी सांगितलं, बोस्टन. ते म्हणाले, "माझा सिएटल," आणि शेंगदाण्यांची पिशवी पुढं केली. उरलेले सहा डाव आम्ही बोलत होतो, आणि हवेबद्दल एक शब्दही निघाला नाही.

तेव्हा मंडळी, रॉलीला मेजर लीगचा संघ पेलेल का? माझं मत विचाराल तर पेलेल. माणसं आहेत, पैसा आहे, उन्हाळ्यात दुसरा मोठा खेळ नाही. पण मैदान लोकांच्या वाटेवर हवं, कर पाहुण्यांवर हवा, आणि संघ सलग चार वर्षं हरत असताना पाचव्या वर्षीच्या मंगळवारी येणारी माणसं हवीत. पहिल्या दोन गोष्टी नेत्यांच्या आणि मालकांच्या हातात आहेत. तिसरी माझ्या हातात होती, आणि मी बारापैकी सात वेळा गेलो.

पुढच्या एप्रिलपासून बुल्सचे मंगळवार मी पुन्हा घेतले आहेत. दोन तिकिटं. दुसरी खुर्ची दर वेळी रिकामी असेल, तेव्हा ज्यांना यायचं त्यांनी आदल्या दिवशी फोन करावा. खेळ कळला नाही तरी चालेल, मागच्या रांगेत समजावून सांगणारे आहेत. मसालेभात आत नेता येत नाही. तो आपण पार्किंगमधे, गाडीच्या डिकीत डबा उघडून खाऊ.